मामेबहिणीच्या जर्मन काठ्या

मामेबहिणीला तिच्या भावाने जर्मनीहून काठ्यांची जोडी पाठवली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. बर्फात चालायच्या काठ्या त्या, ॲल्युमिनियमच्या, हलक्या, वर मनगटात अडकवायला चामड्याचे पट्टे. नगरजवळची चांदबिबीच्या महालाची टेकडी ती त्या टेकत चढायची आणि मी मागून साधी कळकाची काठी घेऊन धापा टाकत यायचे.

दोघी एकाच कॉलेजात होतो. हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिराला कॉलेजातून एकच मुलगी जाणार होती आणि ती मीच, असं मी ठरवूनच टाकलं होतं. ओझ्याची सवय व्हावी म्हणून पाठीवरच्या पिशवीत ज्वारी भरून मी टेकडी चढत असे. आई म्हणाली, "एवढी वाहतेसच आहेस, तर येताना गिरणीतून दळून आण." तेही आणलं. मामेबहिणीला मात्र कसली घाई नसे. तिच्या पोटऱ्या जन्मजातच घट्ट! वर पोचल्यावर ती निवांत गाणं म्हणायची आणि मला ते गाणंसुद्धा सहन होत नसे.

निवडीसाठी आमच्या व्यायामाच्या बाईंनी नवरात्रात कळसुबाई ठरवली. पायथ्याच्या गावात देवळाच्या भिंतीशी काठ्यांचा ढीग असे. चढणाऱ्याने त्यातली एक उचलायची आणि उतरल्यावर पुढच्यासाठी तिथंच ठेवायची. त्या ढिगात ठेवलेली काठी मग कुणा एकाची राहत नसे. दर्शनाला आत जाताना मामेबहिणीने आपली जोडी तिथंच टेकवली. बाहेर येतो तो एक म्हातारी दोन्ही काठ्या घेऊन निघालेली.

"लई हलक्या हायेत गं पोरींनो," ती म्हणाली, "गुडग्यांना बरं झालं."

मला इतका आनंद झाला की हसू लपवायला ओढणी तोंडाशी धरावी लागली. मामेबहिणीने काठ्या परत मागितल्या नाहीत. ढिगातली एक साधी काठी उचलून ती चालू लागली. त्या दिवशी मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शिखरावर तिच्याआधी पोचले आणि बाईंनी माझं नाव पक्कं केलं.

निघायच्या दिवशी ती लाडवांचा डबा घेऊन नगर स्टेशनवर आली. डबा घेताना मला राहवलं नाही. जरा तोऱ्यातच म्हणाले, "तुझ्या काठ्या गेल्या नसत्या, तर आज तू निघाली असतीस."

"गेल्या कुठं? मीच मुद्दाम ढिगात ठेवल्या," ती म्हणाली. "टेकडीवर तुझे डोळे सारखे माझ्या हातांकडे असायचे. कळसुबाईच्या कड्यावर तशी चालली असतीस, तर खाली गेली असतीस, वेडे."

गाडी सुटली. जागा मला मिळाली होती, लाडूही माझ्या मांडीवर होते. फलाटावर ती रिकामे हात हलवत हसत उभी होती आणि मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटत होता.