लाल चिंधीच्या काड्या आन् लांब चोचीचं पाखरू

तलावाचं पाणी हटलं की खालचा गाळ आपसूक उघडा पडतो, कुणी आणून टाकावा लागत न्हाय. आमच्या काठावरच्या मंडळीचे किस्से बी तसेच साचल्यात. मी लिवायला कच्चा, बोलतो तसंच घ्या.

हितं परंड्याच्या अंगाला, उघड्या गाळात आमी खरबूज लावतो. जमीन सरकारची, पीक आमचं. कवा कोन उठवंल नेम न्हाय, म्हनून आमचा दगडूआबा समद्यांवर संशय घेतो. शेजारच्या वाफ्यातल्या महबूबभाईवर तर रोजच.

*

औंदा कॉलेजचे एक सर आले. तीन पायांवर दुर्बीण मांडून चिखलातली पाखरं बघत बसले. आबा दुर्बिणीम्होरंच जाऊन हुबा. म्हनला, "जमिनीची मोजणी करायची तर तोंडावर सांगा. पाखरं आमाला मशिनीबिगर दिसत्यात."

*

सरांनी आबाला बसवून दाखवलं. आखूड चोचीचा चिखल्या पळतो, थांबतो, डोळ्यानं किडा हेरून टिपतो. लांब चोचीचं पाखरू बर्फाच्या मुलखातून येतंय म्हनं. ते चोच पार गाळात खुपसतं, न बघता टोकालाच आळी कळती. लांब टांगांचा शेकाट्या पाण्यात हुबा. एकाच तलावावर समदी जेवत्यात, भांडण न्हाय.

आबा लई येळ बघत बसला. मग माझ्या कानाला लागला, "तलाठ्याबिगर एवढी सरळ वाटणी हुत नसती. ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

*

एक दिवस महबूबभाईनं सरांना चहा पाजला. झालं! आबाला जेवान जाईना. महबूबनं मोजणीला माझाच वाफा दावला आसंल, म्हनत बसला. दुसऱ्या दिशी आबानं सरांना दोनदा पाजला.

*

पुढं सरांनी आबाच्या वाफ्याकडंला काड्या रोवल्या, लाल चिंध्या बांधून. तिथला गाळ चाळून पाखरांचं खाणं किती हाय ते बघणार हुते. मी आबाला निस्तं म्हनलो, "लाल चिंधी सरकारीच असती, न्हाय का?"

सकाळी बघतो तर समद्या काड्या महबूबभाईच्या खरबुजात!

सर आले. काड्या कुणी उपटल्या, इचारलं.

आबा म्हनला, "लांब चोचीच्या पाखरानं. तुमीच म्हनलाव, ते खोल खुपसतंय."

"बरं. मग महबूबभाईच्या वाफ्यात रोवल्या कुणी?"

आबानं चिखलातल्या पाखरांकडं बोट केलं.

"पाहुणी हायत, सर. हितली हद्द त्येंला काय ठावं?"