शर्मूला आणि आईचा निकाल

स्वयंपाकावर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि वरणाला उकळी आली की घाबरणाराही पहिलाच.

न्यू जर्सीत एमएस करत असताना माझा रूममेट मोरोक्कोचा होता. त्या शनिवारी सकाळपासून मी घरी फोन लावत होतो. आईचा दहावीचा निकाल होता. मी अमेरिकेला आल्यावर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षा दिली. वस्तीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, दप्तर कुठाय?" दर रविवारी मी तिला फोनवर गणित शिकवायचो. आता मात्र घरी कोणी फोन उचलत नव्हतं.

रूममेट म्हणाला, "फोन ठेव. कोथिंबीर चिरायला घे."

शर्मूला म्हणजे त्यांच्याकडचं माशाला लावायचं वाटण. कोथिंबीर, पार्सली, लसूण, जिरेपूड, लाल मिरचीपूड, लिंबू, ऑलिव्ह ऑइल. सगळं कच्चंच कुटायचं आणि त्यात मासा मुरवायचा. रूममेट मासा आणायला गेला. मी वाटण तयार करून चाखलं. काहीतरी राहिलंय असं वाटलं. म्हणून तेल तापवलं, मोहरी तडतडू दिली, हिंग टाकला आणि फोडणी वरून ओतली.

तो आला आणि वाडग्याकडे बघत राहिला.

"हे काळं काय आहे?"

"मोहरी."

"का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "आम्ही काकडीवरसुद्धा घालतो."

"काकडीने तुमचं काय बिघडवलंय?"

तो चमच्याने मोहरी वेचत बसला. मग कंटाळून त्याने मासा वाडग्यात सोडला.

"माझ्या आईला सांगू नकोस."

"माझी त्यांची ओळख नाही," मी म्हणालो.

मासा मुरत होता तेव्हा फोन वाजला. आईच होती.

"एवढा वेळ कुठे होतीस?"

"शाळेत. मग सगळ्यांच्या घरी सांगायला."

"म्हणजे पास?"

"मराठी सुटलं, हिंदी सुटलं. सायन्स सुटलं. इंग्रजीसुद्धा सुटलं, बाबा."

मी विचारलं, "आणि गणित?"

"गणित तेवढं उडालं," आई म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. ऑक्टोबरला परत बसते. पण या वेळी क्लास लावते."