अमेरिकेचा चार्जर

काल अकोल्यात माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर जळाला आणि त्या वासानं माझा डावा गाल पुन्हा तापला.

लहानपणी अमरावतीच्या घरी अमेरिकेहून काका-काकू आले होते. त्यांच्या रोहननं आपल्या व्हिडिओ गेमचा चार्जर आमच्या बोर्डात खुपसला. चार्जर तिकडच्या कमी व्होल्टेजचा. फट् आवाज होऊन धूर निघाला. रोहननं माझ्याकडे बोट दाखवलं. आईनं सगळं पाहिलं होतं. तरी काडकन माझ्याच थोबाडीत मारली.

“कावून हात लावला वं त्याले?”

पाहुण्याच्या पोरावर आळ नको, म्हणून घरचं पोर बडवायचं, ही आमची रीत.

काकू चहा फुंकत म्हणाल्या, “जाऊ द्या ताई, जुनाच होता. नवा घेतलाय त्याला.”

मग सुटल्यासारखी आई हसली.