दुसरा डोळा

शेजारच्या ईराचा ससा काल जिन्यात पळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वसंतकाकांनी तो अलगद उचलला. एक हात मानेमागे, दुसरा पायांखाली. ससा एकदम शांत झाला. मग काकांचा अंगठा आपसूक त्याच्या डोळ्याखाली गेला आणि त्यांनी खालची पापणी हलकेच ओढली. लगेच चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"डोळ्यात काही गेलंय का त्याच्या?" मी विचारलं.

"नाही गं. जुनी सवय." ईरा सशाला घेऊन गेल्यावर ते पायरीवर बसले. "प्रयोगशाळेत होतो ना मी. शाम्पू, काजळ, सगळं आधी सशांच्या डोळ्यात घालून बघायचे. धरायचं काम माझं. एकाच डोळ्यात घालायचं. दुसरा तसाच ठेवायचा, ताडून बघायला." स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "त्या चांगल्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत राहायचे."

काका मला सोसायटीतले सगळ्यात मायाळू वाटतात. अजूनही वाटतात. त्या हातांची माया प्रयोगशाळेतल्या सशांनाही कळत असणार, म्हणूनच ते हलत नसतील. हेच मला सहन होत नाही.

माझ्या नव्या काजळाच्या डबीवर सशाचं चित्र आहे. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, याची ती खूण. मुद्दाम शोधून आणली होती. कॉलेजपासून घातलेलं काजळ माझ्याआधी कुणी सोसलं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. आज सकाळी आरशासमोर एका डोळ्यात काजळ घालून झालं आणि हात थांबला. दुसरा डोळा माझ्याकडे बघत होता.