टाळ्या कमी करायचं प्रशिक्षण

आई कपाशीच्या बियाणे प्लॉटवर मजुरीला जायची, बाप नवीन जालन्यात हमालीला. माझी मोठी बहीण बोलत नव्हती, एका जागी बसत नव्हती. शाळेनं तिला परत पाठवलं. मग आई तिला प्लॉटवर घेऊन जायची आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिचा पाय बाभळीला बांधून ठेवायची. रानात विहिरी उघड्या. दुसरं काय करणार होती ती?

त्या घरातली मी पहिली पदवीधर. पुढं विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रमही केला. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

आता मी शिक्षकांना शिकवते. विशेष गरजा असलेलं मूल वर्गात कसं सामावून घ्यायचं, ते. जालन्यातल्या मस्तगडच्या खोलीतून सकाळी निघायचं, बस, पुढं कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं. प्रोजेक्टर असतो तिथं लाईट नसते. ज्याच्या वर्गात असं मूल आहे तो शिक्षक येतच नाही. शाळेत त्या दिवशी जो मोकळा असेल त्याला पाठवतात. आणि दर ठिकाणी एक जण उठून म्हणतो, "मॅडम, आमच्या वर्गात तं सगळेच विशेष हायेत." सगळे हसतात. आधी मी उत्तर द्यायचे. आता पाणी पिते.

भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेतले गुरुजी मात्र मन लावून ऐकायचे. त्यांच्या वर्गात एक स्वमग्न मुलगी होती. मुलानं थोडं जरी केलं तरी कौतुक करा, हे माझं वाक्य त्यांनी फारच मनावर घेतलं. आमच्याकडं शाळेत कौतुक म्हणजे टाळ्या, आणि त्यांचेही प्रकार. फटाक्याची, रॉकेटची, पावसाची. पावसाच्या टाळीत आधी एक बोट तळहातावर वाजवायचं, मग दोन, मग तीन, असं करत शेवटी पाची बोटांनी धो धो. या टाळ्यांसाठी गुरुजी आसपासच्या शाळांत प्रसिद्ध होते.

थोड्या दिवसांनी कळलं, मुलगी शाळेत येत नाही. मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात तिला मांडीवर घेऊन बसली होती.

"मॅडम, तिनं पेन्शिल उचलली की सारी पोरं टाळ्या वाजवू राह्यली. ही कान दाबून पळती. परवा तं पार डांबरी रस्त्यावर गेल्ती. आता न्हाई पाठवत."

"आणि तुमचं काम?"

"सोडलं. मंग हिला कुठं ठिऊ?"

तिथून शाळेत गेले. गुरुजी आधीच फुगून बसले होते. "मॅडम, तुम्हीच म्हणले कौतुक करा. करून राह्यलो तं तेही चुकलं. टाळ्या बंद केल्या तं बाकीच्या पोरांनी काय करायचं? शोकसभा?"

मी चिडले नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. पुढचं प्रशिक्षण मी त्यांच्याच वर्गात ठेवलं, पत्र्याच्या छताखाली. गुरुजींच्या हातात सुई-दोरा दिला, बाकीचे शिक्षक भोवती उभे केले. दोरा सुईजवळ गेला की फटाक्याची टाळी. पत्रे दणाणले. गुरुजी हसले.

"सर, घरी वहिनीच ओवून देत्यात काय?" कुणीतरी टोमणा मारला.

पुन्हा दोरा, पुन्हा टाळी. गुरुजींनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, कपाळ पुसलं. दोरा दोनदा नेढ्याबाहेर गेला. मग त्यांनी सुई टेबलावर ठेवली.

"बंद करा ओ," ते म्हणाले. "सगळे अंगावर आल्यागत वाटून राह्यलं."

कुणी हसलं नाही. मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः त्या घरी गेले. आई बधेना. "आधी मी वर्गात बसून बघंन," म्हणाली. ठरलं. ती लेकीला घेऊन वर्गाच्या उंबऱ्याशी बसली. त्या दिवशी मीही मागं होते. गुरुजींनी पोरांना सांगितलं, "आजपासून पाऊस एकाच बोटाचा."

"गुर्जी, ह्याला काय पाऊस म्हणतेत?"

"मराठवाड्यात एवढाच पडतो. वाजवा."

टिक टिक टिक. मुलीनं मान वर केली. हात कानांकडं निघाले, अर्ध्यात थांबले. मग ती पुन्हा पाटीवर रेघा ओढायला लागली. आई नुसती पदरानं तोंड पुसत राहिली.

काही दिवस आई उंबऱ्यात बसली. मग फाटकाशी. मग एक दिवस आलीच नाही, कापूस वेचायला गेली. मधेमधे मुलगी बिथरायची, गुरुजींचा फोन यायचा, मी जायचे. असं बराच काळ चाललं. एका प्रशिक्षणात काही होत नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. सगळेच विशेष असल्याचा तो विनोद गेल्या आठवड्यातही ऐकला.

ती मुलगी आता चौथीत आहे. सकाळी येते आणि शाळा सुटेपर्यंत वर्गात बसते. तिची आई कामावर जाते.