गळक्या कयाकमधून भाऊबीज

माझी कयाक गळते कुठून, हे शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. समुद्रात चालवायची, दोन माणसांची, लांबलचक फायबरची होडी ती. कोकणातल्या एकाकडून जुनी घेतलेली. मी राहते जांबे गावात, भाड्याच्या खोलीत. कयाक राहते मुळशी धरणाच्या पाण्याकाठी, एका मावशींच्या गोठ्यात, म्हशीशेजारी. रविवार उजाडला की मी तिथे हजर.

गळती म्हणजे भारी चीज! पाणी दिसतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडूनच. मी कयाक विटांवर चढवली, आत बादल्या ओतल्या, बाहेरून तळाला ज्वारीचं पीठ चोळलं आणि उकिडवी बसून बघत राहिले, पीठ कुठे ओलं होतंय ते.

"पिठाची नासाडी लावलीया नुस्ती," मावशी म्हणाल्या. पण त्याही शेजारी येऊन बसल्या. केसाएवढी चीर सापडली तेव्हा आम्ही दोघी एकदम ओरडलो.

पिरंगुटचा फायबरवाला म्हणाला होता, घेऊन या, सगळं खरवडून नीट करून देतो. पण टेम्पो कोण ठरवणार? गणपती झाले की नेऊ, दसरा झाला की नेऊ, असं चाललेलं. तोवर मी गळक्या नळाला लावतात ती पुट्टी मळून चिरेत दाबली, वर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं आणि एकटीनंच चक्कर मारून आले. आत थेंब नाही! मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की विचारू नका.

भाऊबीजेच्या सकाळी गेले तर मावशी नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून उभ्या. "मला पल्याड सोडतीस?"

पल्याड त्यांचा धाकटा भाऊ राहतो. वडिलांची जमीन विकायची निघाली तेव्हा मावशींनी हक्कसोडीवर सही केली नाही, तेव्हापासून त्याचं येणं बंद. भाऊबीजेला खरं तर भावानं बहिणीकडे यायचं. आपणहून जायचं म्हणजे पडती बाजू घ्यायची.

"एसटीनं जा की," मी म्हटलं.

"आन् समद्या गावाला तमाशा दावू? पान्यानं गेलं म्हंजी थेट त्याच्या परड्यात. घरात घेतलं तर घेतलं, न्हाई तर कुनाला कळायचं बी न्हाई."

मला काय, निमित्तच हवं होतं. दोघींनी लाइफ जॅकेटं चढवली. त्या मागे बसल्या, ताट मांडीवर. निम्मं पाणी कापलं असेल, तोच मागून आवाज आला, "अगं बाय, माजं बूड भिजतंया!"

छे, शक्यच नाही! ठिगळ तर शाबूत होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. आजवर मी एकटीच बसत होते. दोघींच्या वजनानं कयाक चार बोटं खाली गेली होती आणि वरची-खालची बाजू जोडणारा सांधा मागच्या अंगाला पाण्याखाली आला होता. तो उसवलेला होता आणि मी तो कधी तपासलाच नव्हता. भीतीच्या आधी मला त्याची गंमतच वाटली. मग वळून मावशींचं तोंड पाहिलं आणि वल्हं थांबवलं.

"मागे फिरू या?"

"आता फिरले तर पुन्ना माज्यानं यायचं व्हनार न्हाई," त्या म्हणाल्या. पिशवीतला तांब्या काढला आणि पाणी उपसायला लागल्या.

पल्याडच्या काठावर एक माणूस बैल धूत होता. त्यानं आम्हाला बघितलं, बैल तसाच सोडला आणि कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात आला.

"आक्का! असल्या फुटक्या डब्यातनं जीव द्याया आलीस व्हय?"

"ववाळाया आले. तू येत न्हाईस तर काय करू?"

कयाकचं टोक धरून त्यानं आम्हाला काठाला ओढलं. ताटातली वात भिजलेली, कुंकवाचा चिखल झालेला. त्याच्या बायकोनं धावत जाऊन घरातलं निरांजन आणलं. तो तिथंच मातीत बसला, डोक्यावर ओला टॉवेल घेतला आणि मान खाली घातली. मावशींनी त्याला ओवाळलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू?

जेवणं झाली. मी पुन्हा सांध्यात बोट घालून बघत होते, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ती हितंच. ह्यात आता कुनी बसायचं न्हाई." आणि मावशींना घरी सोडायला त्यानं मोटारसायकल काढली.

मावशी मागे बसल्या, पदर पुढं ओढून घेतला. "बांधावरनं काढ रं," त्या हळूच म्हणाल्या.

"बांधावरनं कशापायी?" त्यानं किक मारली. "गावातनंच जायाचं. आन् त्यो पदर मागं घे. बघू दे की लोकास्नी, माजी भन आलीया."