ओमेगाकाकांची डबी

आमच्या देवासच्या गल्लीत ओमेगाकाकांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की खिशातून स्टीलची डबी निघायची आणि आपल्या तळहातावर अळशीची पूड पडायची. "खा भिया, ओमेगा-थ्री आहे! नसा कशा साफ होतात बघ." अर्ध्या गल्लीने ती निमूट खाल्ली, अर्धी गल्ली त्यांना पाहून रस्ता बदलायची.

अळशी टोंकखुर्दचीच हवी. त्यासाठी हा निवृत्त बँकवाला महिन्यातून एकदा बसचे धक्के खात जाई. भाजायची मात्र काकूंनी. "एक दाणा जळला तर सगळा ओमेगा खतम!" म्हणत हे कढईशेजारी उभे. झारा हातात घेतील तर शपथ!

सकाळी मी आणि काका टेकडी चढायला निघायचो. काकांची टेकडी पायथ्याच्या कचोरीवाल्यापाशी संपायची. दोन कचोऱ्या, वर मूठभर शेव आणि त्यावर डबीतली पूड. "वरून अलसी टाकली ना, की तळलेलं कटतं," हा त्यांचा शोध. कचोरीवाल्याला तो लगेच पटला होता.

अळशी चांगलीच, असं डॉक्टरही म्हणाले होते. "पण काका, हृदयाची गोळी रोज घ्यायचीच," हे त्यांचं पुढचं वाक्य काकांनी ऐकलंच नाही. निघताना काकू गोळी हातावर ठेवायच्या आणि पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. काका मूठ तोंडाशी नेत, पाणी पीत. गोळी मुठीतच राही. कचोरीच्या गाडीपाशी ती डबीत टाकताना मी पाहिलं.

"काकूला बोलू नको हां, भिया. चल, तुला कचोरी खिलवतो."

मी खाल्ली. वर चार मित्रांना हा किस्सा रंगवून सांगितला, पोट धरून हसलो. लाज वाटते आता.

चैत्रात त्याच गाडीपाशी काका छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर काकूंनी डबी ताटात उपडी केली. पुडीतून पांढऱ्या गोळ्या निघाल्या. काकू एकेक गोळी पदराने पुसत बाजूला ठेवत होत्या.

"मी रोज समोर उभी असायची रे. तू तर बरोबर असायचास. तुला कधी दिसलं नाही?"

"नाही, काकू."

त्यांनी डबी धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."